पुरःस्थ ग्रंथीचा आकार आणि कर्करोगाचे निदान

मूत्राशयाच्या खाली मूत्रमार्गाला वेढून असलेली पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथी तरुणपणी सुमारे २० घन सेंटिमीटर आकारमानाची असते. उतारवयात बहुसंख्य पुरुषांत ती वाढते. ग्रंथी जितकी मोठी तितका कर्करोगाचा संभव अधिक, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बायोप्सीचा, म्हणजेच जीवोतक परीक्षेचा, अनुभव मात्र याच्या उलट आहे. रक्तातील पी.एस.ए. या प्रथिनाचे प्रमाण सारखेच असता, लहान ग्रंथीत कर्करोग अधिक वेळा सापडतो आणि तो उग्र स्वरूपाचा असण्याचे प्रमाणही अधिक असते.

याची प्रमुख कारणे दोन आहेत.

पहिले कारण पी.एस.ए.शी निगडित आहे. हे प्रथिन निरोगी पेशीही निर्माण करतात. त्यामुळे ग्रंथीच्या साध्या वाढीनेही त्याचे प्रमाण चढते व कर्करोग नसताना बायोप्सी करावी लागते. म्हणूनच पी.एस.ए.च्या आकड्यास ग्रंथीच्या आकारमानाने भागून ‘पी.एस.ए. घनता’ काढतात. पी.एस.ए. ६ नॅनोग्रॅम असता ३० घन सेंटिमीटरच्या ग्रंथीत घनता ०.२० येते, तर ८० घन सेंटिमीटरच्या ग्रंथीत ती केवळ ०.०७५ भरते. सामान्यतः ०.१५ पेक्षा अधिक घनता संशयास्पद समजली जाते.

दुसरे कारण नमुन्याचे होय. सुईने साधारणतः १० ते १२ नमुने घेतले जातात. मोठ्या ग्रंथीचा त्यात अल्प अंशच तपासला जातो व लहानशी गाठ निसटू शकते.

अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीने या दुसऱ्या कारणाचे महत्त्व दाखवून दिले. ग्रंथी आकसविणारे फिनास्टेराइड हे औषध घेणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण २४.४ वरून १८.४ टक्क्यांवर आले; परंतु उग्र कर्करोग ५.१ ऐवजी ६.४ टक्के आढळला. औषधानेच रोग उग्र होतो की काय, अशी शंका निर्माण झाली. पुढील विश्लेषणात असे दिसून आले की, आकसलेल्या ग्रंथीत सुईला रोग अधिक सहज सापडत होता. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन निरीक्षणातही औषध घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण वाढलेले आढळले नाही.

यावरून व्यवहारात काही गोष्टी लक्षात ठेवणे इष्ट ठरते. लघवीचा त्रास नाही व ग्रंथी लहान आहे, एवढ्यावरून वाढलेल्या पी.एस.ए.कडे दुर्लक्ष करू नये. मोठ्या ग्रंथीची बायोप्सी निर्दोष आली तरी पी.एस.ए. चढतच राहिल्यास पुन्हा तपासणी करावी, एम.आर.आय. चित्रणाच्या आधारे संशयित जागेचाच नमुना घेता येतो. फिनास्टेराइड घेणाऱ्याने ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. कारण त्या औषधाने पी.एस.ए. सुमारे निम्म्यावर येतो आणि कमी दिसणारा आकडा फसवा ठरू शकतो.