ॲप फुकट, पण गाव ओळखीचं

प्रश्न : मी 26 वर्षांची, दहिवडीत नोकरी करते. लग्नाची घाई नाही. ओळख, चहा, गप्पा एवढंच हवंय. फुकटातलं सुरक्षित डेटिंग ॲप कुठलं?

उत्तर : टिंडर, बंबल दोन्ही पैसे न भरता चालतात. दोन्हींत सेल्फीने पडताळणी झाल्याची खूण मिळते. ती नसलेल्याशी बोलूच नका. पण आपल्याकडची खरी अडचण वेगळी. पुण्यात ‘5 किलोमीटरवर’ म्हणजे हजारो माणसं. दहिवडीत तेवढ्यात मामेभाऊही येतो! म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये ॲपला अचूक ठिकाण देऊ नका. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथापुढचा फोटो नको, दुकानाच्या पाटीसमोरचाही नको. इन्स्टावरचाच फोटो इथे लावलात, तर नावही सापडतं.

आधी व्हिडिओ कॉल, मग भेट. तीही ‘जरा माळावर जाऊ’ अशी नव्हे. साताऱ्यात पोवई नाक्यावर, दिवसा, मैत्रिणीला सांगून आणि परतीची एसटी बघून. पैसे मागितले की विषय संपला. गेलेच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन. फोटो पसरवण्याची धमकी आली तर एक रुपया देऊ नका आणि घाबरून चॅट पुसू नका, तोच पुरावा असतो.