पोहता येतं, तरी जॅकेट?

प्रश्न : मे महिन्यात मुलांना गंगापूर धरणावर बोटिंगला न्यायचंय. दोघांनाही पोहता येतं. तरी लाइफ जॅकेट हवंच का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हवंच, आणि सगळे पट्टे आवळून. घातल्यावर खांद्यांना धरून वर ओढून बघा. कानापर्यंत सरकलं तर लहान मापाचं मागून घ्या. २१ मे २०२४ला उजनी धरणात, कुगाव-कळाशी दरम्यान, वादळी वाऱ्यानं बोट उलटली आणि सहा जण बुडाले. वळवाचा वारा बहुधा दुपारनंतर सुटतो. म्हणून सकाळीच जा. आभाळ काळवंडलं तर तिकिटाचे पैसे बुडू द्या, पण बोटीत चढू नका. बोट उलटलीच, तर तिलाच धरून राहायचं, हे मुलांना आधीच सांगा. किनारा वाटतो त्याहून लांब असतो. पोहणारेही मध्येच दमतात.