सर्व्हरच्या कर्नेलचे नूतनीकरण

कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने या शतकाच्या आरंभीच नागरी सुविधा केंद्रांचा कारभार संगणकावर आणला आणि पुढे हा नमुना राज्यातील इतर नगरपालिकांपर्यंत पोहोचला. कल्याण असो वा ठाणे, खिडकीसमोर दाखल्यासाठी उभ्या असलेल्या नागरिकाला आतला सर्व्हर दिसत नाही. तो बंद पडला की लांबलेली रांग मात्र दिसते. म्हणून सर्व्हरची देखभाल हा केवळ तंत्रज्ञांचा विषय नव्हे.

लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरचा गाभा म्हणजे कर्नेल. यंत्रसामग्री आणि आज्ञावली यांच्यामधील सर्व व्यवहार त्याच्यामार्फत होतो. तो अद्ययावत न ठेवण्यात मोठा धोका असतो. २०१६ मध्ये उघडकीस आलेला 'डर्टी काऊ' हा दोष कर्नेलमध्ये २००७ पासून होता आणि त्यामुळे साध्या वापरकर्त्यालाही व्यवस्थापकाचे सर्वाधिकार बळकावता येत होते.

तथापि कर्नेल एकटा बदलत नाही. डिस्क, नेटवर्क कार्ड इत्यादींचे चालक म्हणजेच मॉड्यूल त्या त्या आवृत्तीसाठी बांधलेले असतात. बाहेरून घेतलेला चालक नव्या कर्नेलसाठी पुन्हा बांधावा लागतो आणि त्यासाठी नेमक्या त्याच आवृत्तीचे 'हेडर' पॅकेज लागते. 'डीकेएमएस' ही सोय ते काम आपोआप करते. हेडर नसतील तर तीही हतबल ठरते. मग सर्व्हर सुरू होतो, पण त्याला नेटवर्कच सापडत नाही!

'एपीटी' किंवा 'डीएनएफ' ही व्यवस्था पॅकेजांचे परस्परावलंबन तपासते, परंतु केवळ आपल्या नोंदवहीपुरते. कोणीतरी हाताने बसविलेला चालक तिला ठाऊक नसतो. ज्या फेरफाराची नोंदच झाली नाही, तो सातबाऱ्यावर कसा दिसणार? म्हणूनच अशा चालकांची यादी कार्यालयात लेखी असावी. अवलंबनाची तक्रार डावलून पॅकेज बळेच बसविणे हा तर सर्वांत महाग पडणारा उपाय होय.

नूतनीकरणापूर्वी माहितीची प्रत काढावी, 'बूट' विभागात पुरेशी जागा आहे ना हे पाहावे आणि शक्य तर दुसऱ्या यंत्रावर चाचणी घ्यावी. नवा कर्नेल सामान्यतः जुन्याशेजारीच बसतो; जुना लगेच काढू नये, कारण अडचण आल्यास सुरुवातीच्या यादीतून तोच निवडता येतो. सर्व्हर पुन्हा सुरू करेपर्यंत जुनाच कर्नेल चालू राहतो, हेही ध्यानात ठेवावे. हे काम सुट्टीच्या दिवशी करावे. कर भरण्याची गर्दी असलेल्या मार्चअखेरीस तर मुळीच हाती घेऊ नये.