भरपाईची कल्पना आणि आपले जंगल

प्रश्न : विज्ञानकथांत काळयंत्र असते, परग्रहवासी असतात. पण वंशावरून पिढ्यान्‌पिढ्या नागवल्या गेलेल्यांना भरपाई मिळाली, अशी कल्पना कुणी केली आहे का? आणि आमच्या भागाला घेऊन असे काही लिहिता येईल का?
— एक वाचक, अहेरी

उत्तर : केली आहे, आणि चांगली तपशिलात केली आहे. १९२१ साली अमेरिकेतल्या टल्सा शहरात गोऱ्या जमावाने ग्रीनवूड ही कृष्णवर्णीयांची भरभराटलेली वस्ती जाळली. २०१९ च्या ‘वॉचमेन’ या मालिकेतल्या कल्पित अमेरिकेत सरकारने त्या बळींच्या वारसांना आयुष्यभर करमाफी दिलेली आहे. वारस कोण, हे डीएनए तपासून ठरते. त्या भरपाईचा राग धरून मुखवटे घातलेले गोरे पुन्हा हिंसेवर उतरतात. खऱ्या अमेरिकेत मात्र टल्सातून वाचलेल्या वृद्धांचा दावा ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये फेटाळला.

डीएनए तपासणीचा तो भाग गडचिरोलीच्या माणसाने नीट पाहावा. पैसा किती, यापेक्षा पुरावा कुणाचा मानायचा, हा प्रश्न अवघड असतो. आपल्या संसदेने २००६ च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेतच वनवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचे कबूल केले. त्या कायद्याच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब पुरावा म्हणून चालतो. जुन्या विहिरी, दफनभूमी, देवाच्या जागा चालतात. म्हणजे माडिया आदिवासींनी मृतांच्या आठवणीसाठी उभे केलेले दगडही दाव्याच्या बाजूने बोलू शकतात. दाव्याची पहिली छाननी ग्रामसभेत होते. प्रयोगशाळेपेक्षा ही कल्पना मला कितीतरी धाडसी वाटते.

पण कबुली मिळाली म्हणून ताबा मिळतोच असे नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी आपल्याच बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडले.

आणि ताबा मिळाला तरी सगळे भरून येतेच असे नाही; त्यासाठी अर्सुला ले ग्विन यांची १९७२ ची ‘द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट’ ही लघुकादंबरी जरूर मिळवून वाचा. पृथ्वीवरची माणसे लाकडासाठी दुसऱ्या ग्रहावरचे जंगल तोडतात, तिथल्या रहिवाशांना गुलाम करतात. रहिवासी उठाव करतात, परके निघून जातात, जंगल परत मिळते. मात्र माणूस मारणे त्या लोकांना ठाऊक नव्हते, ते आता ठाऊक झालेले असते. त्याची भरपाई कोण करणार? नक्षली हिंसा आणि बंदुकांच्या सावलीत वाढलेल्या तालुक्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता लिहिण्याचे. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये मराठे जिंकले असते तर, हा विचार केला. तुमच्याकडे १८५८ आहे. मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले; अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंनी त्यांना इंग्रजांच्या हवाली केले आणि चांद्याला त्यांना फाशी झाली. लक्ष्मीबाईंनी नकार दिला असता तर? इथले जंगल पुढे कुणाच्या नावे लागले असते? की आपल्यातल्याच माणसाने केलेल्या घाताची भरपाई कुणाकडे मागायची, इथूनच कथा सुरू करावी? मी तुमच्या जागी असतो तर हा शेवटचा प्रश्न धरला असता, कारण टल्साच्या कथेत तो नाही. शक्य असेल तर पहिला खर्डा माडियात किंवा गोंडीत करा, मराठी नंतर होईल.