पुढच्या वर्षीच्या इंग्रजीची तयारी : सुरुवात घरच्या बोलीतून



जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरचे मूल पहिल्यांदा शाळेत जाते तेव्हा त्याच्या ओठी वारली, कोकणा किंवा कातकरी बोली असते. पुस्तकातली मराठी त्याच्यासाठी दुसरी भाषा. आपल्या राज्यात सन २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. म्हणजे सहा वर्षांच्या मुलापुढे एकदम दोन नव्या भाषा उभ्या राहतात. त्यात दिवाळीनंतर आईवडील वीटभट्टीवर गेले आणि मूलही सोबत गेले, तर मधले कित्येक महिने बुडतात.

चौथी-पाचवीनंतर अनेक पाड्यांवरची शाळा संपते. पुढे आश्रमशाळा किंवा मोठ्या गावची शाळा. तिथे इंग्रजीच्या तासाला खाली मान घालून बसणारे मूल हळूहळू शाळेलाच कंटाळते. म्हणून जूनपूर्वीची सुट्टी मोलाची आहे. आईवडील, मोठी भावंडे किंवा पाड्यावर जाणारे आपले स्वयंसेवक, कोणालाही घेता येईल असा हा पाठ आहे. रोज १५ मिनिटे पुरेत.

१. आधी ऐकणे

पहिल्याच दिवशी वही उघडू नका. उभे राहा, खाली बस, इकडे ये, दार उघड, ही कामे आधी मुलाच्या बोलीत सांगा आणि करून दाखवा. मग तीच इंग्रजीत सांगा : स्टँड अप, सिट डाउन, कम हिअर, ओपन द डोअर. मूल हुकूम ऐकून तसे करू लागले की त्याला हुकूम सोडू द्या आणि तुम्ही पाळा. मोठी माणसे आपल्या सांगण्यावरून उठबस करताहेत हे पाहून मुलाची भीड मोडते.

२. घरातलेच शब्द

बॅट, पेन, पिन, बॉक्स, कप. हे शब्द मुलाला आधीच ठाऊक आहेत. ते इंग्रजी आहेत एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते. शक्य तिथे ती वस्तू हातात देऊन शब्द म्हणून घ्या. बॉल, बस, बॅग, बटन, टॉर्च अशी यादी मुलालाच वाढवू द्या.

३. अक्षराचे नाव आणि आवाज

मराठीत 'क' या अक्षराचे नावही 'क' आणि आवाजही 'क'. इंग्रजीत तसे नाही. 'सी' हे नाव, पण 'कप' या शब्दात त्याचा आवाज 'क'. 'यू' हे नाव, पण तिथे आवाज 'अ'. 'सी-यू-पी' पाठ करणारे मूल नवा शब्द समोर आला की अडते. 'क-अ-प' असे आवाज जोडायला शिकलेले मूल पुढे स्वतःच वाचू लागते. वरच्या पाच शब्दांत इंग्रजीचे पाचही स्वर येतात, म्हणून तेथूनच सुरुवात करा. मग पहिले अक्षर बदला : पेनचे हेन, हेनचे टेन. हेन म्हणजे कोंबडी, टेन म्हणजे दहा.

४. लिहिणे

मराठी अक्षर वरच्या शिरोरेषेला लटकते, तर इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसते. छोट्या लिपीतली 'बी' आणि 'डी' ही अक्षरे तर पोट कोणत्या बाजूला एवढ्यावरच ओळखायची. आधी अंगणातल्या मातीत काडीने मोठी अक्षरे काढून घ्या आणि नंतर चार रेघी वही द्या.

५. वाक्य

'मी भात खातो' यात खाणे शेवटी येते. इंग्रजीत ते मध्ये येते : 'आय ईट राइस'. तीन चिठ्ठ्यांवर तीन शब्द लिहा आणि मुलाला त्यांच्या जागा लावू द्या. मग 'राइस' काढून 'मँगो' ठेवा.

चुकले तर हसू नका. बरोबर शब्द पुन्हा म्हणा आणि पुढे चला. बोली बोलले म्हणून रागावू तर मुळीच नका. अर्थ त्याला तिथूनच कळतो. आईला वाचता येत नसेल तरी तिने रोज एवढेच म्हणावे, "आज काय शिकलास ते मला शिकव." दुसऱ्याला शिकवताना मुलाचा धडा पक्का होतो.

ही वाट आपल्याच जिल्ह्यात पूर्वी चालून झाली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात आणि गुरे चरतात त्या कुरणात नेली. पाने, बिया, खडे हेच शिकवण्याचे साहित्य झाले.

जूनमध्ये एवढे पाहा : मूल दहा हुकूम समजून पाळते का, तीन अक्षरी वीस शब्द आवाज जोडून वाचते का, स्वतःचे नाव लिहिते का आणि स्वतःविषयी तीन वाक्ये बोलते का. एवढे आले तर ते नव्या वर्गात मान वर करून बसेल.

सुट्टीत पाड्यावर जाणाऱ्यांनी पिशवीत चार रेघी वह्या ठेवाव्यात. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुढच्या इयत्तेचे इंग्रजीचे पुस्तक विनामूल्य मिळते, त्याची पहिली काही पाने छापून न्यावीत. आणि एकदा जाऊन थांबू नये. संपूर्ण सुट्टीभर एकाच मुलाची सोबत करावी.