फाटकाबाहेर थांबलेल्या बाबांशी

नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी असते. आत बाकड्यावर सहाव्या-सातव्या महिन्याच्या पोरी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं कार्ड. फाटकाशी गाड्यांवर त्यांचे नवरे. बाबांनो, तिला घेऊन आलात, उन्हात थांबलात, ते मला दिसतं. आत तुमच्याशी कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते.

आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. त्यांनी गावातल्या बायांमधूनच आरोग्य सेविका घडवल्या, हे सगळे सांगतात. पुरुषांची शेतकरी मंडळंही उभी केली, हे फारसं कुणी सांगत नाही. पाण्या-पिकाच्या बैठकीत घरच्यांच्या तब्येतीचा विषय निघू लागला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आता अवघड बोलते. शिव्या, ढकलाढकल, एखादी थोबाडीत. याला आपण 'संसारात चालायचंच' म्हणतो. पोटुशीला मार बसला तर गर्भ पडू शकतो, दिवस भरायच्या आत बाळंतपण होऊ शकतं, बाळ कमी वजनाचं जन्मू शकतं. नुसत्या धाकानंही तिचं जेवण तुटतं. गालावरचा वळ दिसला की ती म्हणते, 'ओट्यावरून पडले.' तुम्ही वडिलांचं बघत वाढलात, मान्य. पण हात तुमचा आहे. राग चढला तर घराबाहेर पडा, पाराकडे चालत जा. आणि सासू-सासऱ्यांनो, पोरगा हात उचलतो तेव्हा भिंतीकडे तोंड करू नका, मध्ये पडा. ताई, तू वाचत असशील, तर १८१ वर फोन लाव. घरातल्या मारहाणीविरुद्धचा २००५चा कायदा तुझ्यासाठीच आहे.

पाथर्डी-जामखेडकडचे कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, दसरा-दिवाळीला ऊसतोडीला निघतात. उचल फेडायची असते, ठाऊक आहे. तरी मोळी तिच्या डोक्यावर देऊ नका. कार्ड बरोबर न्या, फडाजवळच्या गावात आशाताईला पहिल्याच आठवड्यात गाठा.

येत्या नऊ तारखेला गाडी स्टँडला लावून आत या. तिच्याशेजारी बसा, हिमोग्लोबिन किती भरलं ते विचारा. लोहाची गोळी रोज स्वतःच्या हातानं द्या, चहाबरोबर नको. सिस्टर म्हणाल्या, 'हिच्याशी एकटीशी दोन मिनिटं बोलायचंय,' तर निमूट उठा. आणि काय विचारलं म्हणून घरी खोदत बसू नका.