खंडित व्यायामाचा पुनरारंभ

व्यायामाचा आरंभ करणारे पुष्कळ असतात. तो खंडित झाल्यावर पुन्हा आरंभ करणारे थोडे. पहिल्या आरंभाला नावीन्याचे साहाय्य असते. दुसऱ्या आरंभाच्या वेळी नावीन्य संपलेले असते, शरीर जड झालेले असते आणि पूर्वीच्या सामर्थ्याची आठवण मनाला लाजवीत असते. म्हणून या दुसऱ्या आरंभाचा विचार स्वतंत्रपणे करणे अवश्य आहे.

विषय केवळ अंगकाठीचा नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीत देशातील मधुमेही व्यक्तींची संख्या सुमारे दहा कोटी सांगितली आहे. हा रोग बळावण्याच्या कारणांत बैठे जीवन हे एक मोठे कारण आहे. ज्याच्या आधारावर वृद्ध आईवडील, पत्नी आणि मुले विसंबून असतात, त्या गृहस्थाचे शरीर त्याच्या एकट्याचे नसते. गृहिणीच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. कारण ती अंथरुणाला खिळली की सारे घर थांबते.

व्यायाम सुटतो कसा

व्यायाम कोणी ठरवून सोडत नाही. घरात लग्नकार्य निघते, बदली होते, ताप येतो किंवा पावसाळ्यात फिरणे बंद पडते. चार दिवसांचे पंधरा दिवस होतात आणि पंधरा दिवसांचे सहा महिने. पतंजलींनी योगमार्गातील नऊ अंतराय सांगितले आहेत. त्यांत व्याधी, संशय आणि आलस्य आहेतच. परंतु शेवटचा अंतराय अनवस्थितत्व, म्हणजे मिळविलेल्या भूमिकेवर टिकून न राहणे, हा आहे. मिळविलेले निसटते, ही अडचण इतकी सार्वत्रिक आहे की शास्त्रकारांना तिला स्वतंत्र नाव द्यावे लागले. ज्याचा नेम तुटला त्याने स्वतःस जगावेगळा दुर्बळ समजण्याचे कारण नाही.

उत्साहाची प्रतीक्षा

खंड पडल्यावर मनुष्य म्हणतो, "उत्साह आला म्हणजे पुन्हा सुरुवात करीन." येथेच खरी चूक होते. उत्साह हे व्यायामाचे बीज नसून बहुधा त्याचे फळ आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत. सात्त्विक सुख आरंभी विषासारखे व परिणामी अमृतासारखे असते. निद्रा, आलस्य व प्रमाद यांतून उपजणारे सुख तामस होय. पहाटेच्या अंथरुणाची ऊब आणि अर्ध्या तासाच्या चालण्यानंतरची प्रसन्नता यांत हाच भेद आहे. पहिल्या आठ-दहा दिवसांचा कडवटपणा हे अपयशाचे लक्षण नव्हे. तो या मार्गाचा स्वभावच आहे.

सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलतेची तक्रार करतो तेव्हा भगवान ती नाकारीत नाहीत. अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगतात. प्रस्तुत विषयात अभ्यास म्हणजे रोजची थोडी कृती, आणि वैराग्य म्हणजे आपल्याच पूर्वीच्या पराक्रमाचा मोह सोडणे. "एके काळी मी शंभर नमस्कार घालीत असे," ही आठवण आज सहा नमस्कार घालण्याच्या आड येत असेल, तर ती आठवण बाजूस ठेवली पाहिजे.

चतुर्थांशाचा क्रम

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात, व्यायामाचे गुण व अतिव्यायामाचे दोष सांगितल्यावर लगेच एक मार्मिक नियम येतो: अहितकर सवय सोडणे व हितकर सवय धरणे ही दोन्ही एकदम न करता चतुर्थांशाच्या क्रमाने करावीत. क्रमाने मिळविलेले गुण स्थिर राहतात, हे त्याचे कारण दिले आहे.

हा नियम पुनरारंभास तंतोतंत लागू पडतो. पूर्वी चोवीस सूर्यनमस्कार घालणाऱ्याने पहिल्या आठवड्यात सहा घालावेत, दुसऱ्यात बारा, तिसऱ्यात अठरा आणि चौथ्यात चोवीस. चाळीस मिनिटे चालणाऱ्याने दहा मिनिटांपासून आरंभ करावा. दीर्घ आजारानंतर किंवा उतारवयात प्रत्येक पायरीस दोन वा तीन आठवडे द्यावेत.

आधुनिक शरीरशास्त्रही याला अनुकूल आहे. व्यायाम थांबल्यावर दोन-तीन आठवड्यांतच दमसास उतरू लागतो. स्नायूंचे बळ त्याहून सावकाश उतरते. मात्र एकदा कमावलेले बळ नवशिक्यापेक्षा लवकर परत येते. योगमार्गात केलेला आरंभ वाया जात नाही, हे दुसऱ्या अध्यायातील आश्वासन देहाच्या पातळीवरही असे अनुभवास येते.

मर्यादा

उलट बाजूचा दोष म्हणजे सहा महिन्यांची भरपाई सहा दिवसांत करू पाहणे. त्यातून सांधे दुखावतात आणि नेम पुन्हा सुटतो. मूढ आग्रहाने देहास पीडा देणारे तप गीतेने तामस ठरविले आहे. आपल्या शक्तीच्या अर्ध्यापर्यंतच व्यायाम करावा, असा सुश्रुताचा दंडक आहे. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, इतकाच वेग मध्यम समजावा. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी आठवड्यास 150 ते 300 मिनिटे अशा मध्यम श्रमाची शिफारस केली. तीच संघटना असेही म्हणते की थोडी हालचाल मुळीच नसण्यापेक्षा बरी. हृदयविकार, रक्तदाब वा मधुमेह असणाऱ्याने वैद्याच्या सल्ल्यानेच आरंभ करावा. छातीत दुखणे, घेरी येणे किंवा असाधारण धाप लागणे ही तत्काळ थांबून उपचार घेण्याची लक्षणे होत.

नित्यकर्मात स्थान

जे सवडीवर सोडले ते सुटले. म्हणून व्यायामास रोजच्या एखाद्या अढळ कर्माशी जोडावे. प्रातःस्नानापूर्वीची दहा मिनिटे यास उत्तम. भोजनानंतर लगेच श्रमाचा व्यायाम करू नये. एकट्याचा निश्चय डळमळीत असेल तर घरातील मुलांना सोबत घ्यावे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (1868–1951) यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार रूढ केले. अनेकांसह केलेला नेम एकट्याच्या आळसाने सहसा मोडत नाही, हे शाळेस खरे तसे घरासही.

पुन्हा खंड पडला तर

तो पडेलच. त्या वेळी दोन नियम पाळावेत. चुकलेल्या दिवसाची दुप्पट भरपाई करू नये. आणि सलग दुसरा दिवस चुकू देऊ नये. प्रवासात वा सुतकात पूर्ण नेम शक्य नसेल, तर पाच मिनिटे का होईना, ठरल्या वेळी अंग हलवावे. त्याने बळ वाढणार नाही, परंतु वाट बुजणार नाही.

ज्याचा नेम कधीच मोडला नाही असा गृहस्थ विरळा. मोडलेला नेम ज्याला विषादाशिवाय व विलंबाशिवाय पुन्हा जोडता येतो, तोच खरा अभ्यासी होय. त्यासाठी सोमवार, प्रतिपदा किंवा नवे वर्ष यांची वाट पाहावी लागत नाही. उद्याची सकाळ पुरेशी आहे.